मीटर सोडा, तास मोजा



लावणी उरकली एकदाची. चारसूत्रीच्या तुकड्यात युरिया-डीएपीच्या ब्रिकेटी खोचून झाल्या. वरच्या खाचरात पाणी धरून आहे. खालचा बांध दोन ठिकाणी फुटला होता, तो लिंपला. बाकी ठीक. म्हणून आजची नोंद शेताची नाही, गाडीची आहे. राग आलाय म्हणून लिहितोय, एखादा शब्द वाकडा गेला तर सांभाळून घ्या.

परवा भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी मिळतेय. २०१५ ची, डिझेल, उंच गाडी आहे एकदम. डोंबिवलीतल्या एका मॅडमची. फक्त ५२ हजार चाललीय. साडेतीन लाख म्हणतायत. गणपतीच्या आत दारात आणतो."

मी विचारलं, "खालून बघितलीस?"

"खालून काय बघायचं मामा? मीटर बघितलं ना."

हे वाक्य मी पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा ऐकलं. आधी शेजारच्या गावातल्या एकाने ऐकवलं, मग चक्क एका कृषी सहायक साहेबांनी. हे साहेब आम्हाला माती परीक्षण केल्याशिवाय खताची मात्रा सांगत नाहीत, आणि स्वतः गाडी घेताना फक्त काचेमागचा आकडा वाचून इसार देऊन आले. त्यांचं नाव घेत नाही, पण ते हे वाचतात, त्यांना कळेल.

साडेतीन लाख म्हणजे किती, ते आपल्या भाषेत बघू. २०२५-२६ च्या हंगामात साध्या भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या हिशोबाने साडेतीन लाख म्हणजे जवळपास १४८ क्विंटल भात. माझ्या खाचरात एकरी बारा क्विंटल धरले तर बारा एकरांहून जास्तीचं भात झालं, खर्च न काढता. एवढं भात विकायला गेलं तर व्यापारी प्रत्येक पोत्यात हात घालतो, दाणा दाताखाली फोडून ओलावा बघतो. आणि तेच पैसे घेऊन आपण मानपाडा रोडला किंवा शीळ रोडला जातो, रांगेत उभी असलेली चकचकीत गाडी बघतो, आकडा बघतो, चहा पितो आणि हो म्हणतो.

आमचे बाबा म्हशाच्या जत्रेत बैल घ्यायला जायचे. मुरबाड तालुक्यातली पौष पौर्णिमेची जत्रा, ठाणे-रायगडात ती माहीत नाही असा शेतकरी नसेल. सकाळी बाजारात शिरलेले बाबा दुपार कलेपर्यंत एकाच जोडीभोवती फिरत असायचे. दात बघून दोन दाती का चार दाती का जुळलेला ते ठरवायचे. खूर उचलायचे, खांद्यावर हात फिरवायचे, चालवून बघायचे. मग रुमालाखाली बोटं. एकदा विकणारा म्हणाला, "याने काम फार केलंच नाही हो, नुसता दावणीला बांधून होता." बाबा म्हणाले, "बांदून होता म्हनून त बगतंय. बांदल्या बैलाचं खूर वारतान." न चाललेल्या बैलाचे खूर वाढतात, तो वेडावाकडा चालतो, हे माझ्या चौथी शिकलेल्या बापाला माहीत होतं. आपण दहावी-बारावी शिकलो आणि नेमकं तेच विसरलो.

माझं म्हणणं एवढंच आहे की कमी चाललेली गाडी म्हणजे चांगली गाडी, हा समज खोटा आहे. आणि मुंबई-ठाण्याच्या आसपास तर तो धोक्याचा आहे.

कसा, ते ट्रॅक्टरवरून सांगतो. जुना ट्रॅक्टर घ्यायला गेलो तर आपण काय विचारतो? "किती तास झालेत?" किलोमीटर कोणी विचारत नाही, कारण ट्रॅक्टर जागच्या जागी थ्रेशर फिरवतो तेव्हाही इंजिन झिजतच असतं. आता शहरातली गाडी घ्या. आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावर संध्याकाळी सहाला काटई नाका किंवा पलावा पार करून दाखवा. गाडी चालत नसते, इंजिन चालत असतं, एसी चालत असतो, पाय क्लचवर असतो. ताशी सरासरी १५ किलोमीटर धरा, तीही दया दाखवून. मग ६० हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचे झाले ४,००० तास. दुसरी गाडी नाशिक-पुणे हायवेवरची, ताशी ५० ने दीड लाख किलोमीटर चाललेली. तिचे झाले ३,००० तास. आता सांगा, कुठली कमी वापरलेली?

४,००० तास झालेला ट्रॅक्टर कोणी "नवाच आहे" म्हणून विकायला आला तर त्याला आपण बांधावर तरी उभा करू का? गाडीच्या बाबतीत मात्र खुशाल पाया पडून घेतो.

क्लचचं तर विचारू नका. हायवेवर तासाभरात दहा-वीस वेळा दाबला जाईल, पलाव्याच्या रांगेत तेवढा पाच मिनिटांत दाबला जातो. आणि एक गोष्ट लोकांना पटतच नाही, ती म्हणजे घर ते दवाखाना, घर ते स्टेशन एवढंच चालणारी डिझेल गाडी नीट तापतच नाही. तापायच्या आत बंद. मग काजळी साचते, ईजीआर व्हॉल्व्ह चोंदतो, इंजेक्टर खराब होतात. आपल्या डिझेल पंपाला कधी पाच-पाच मिनिटं चालवून बंद करत बसा, काय होतं बघा. "डॉक्टरांची गाडी, फक्त दवाखान्यापर्यंत" हे ऐकलं की आपण खूश होतो. खरं तर तिथे कान टवकारले पाहिजेत.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०२१ साली मी स्वतः हाच गाढवपणा केला. २०१४ ची गाडी, मीटरवर ५८ हजार. कंपनीचं नाव घेत नाही, विकणाऱ्याचंही घेत नाही, कारण चूक माझी होती. मीटर खोटं नव्हतं बरं का, नंतर सर्व्हिसच्या नोंदी काढल्या तर आकडा खरा निघाला. म्हणजे फसवलं कोणी नाही, मीच खऱ्या आकड्याला भुललो. नऊ महिने चालली. दिवाळीनंतर आईला आणि मंडळींना घेऊन मुरबाडकडून येत होतो. सरळगावच्या अलीकडे इंजिन फट करून बंद. धूर नाही, आवाज नाही, नुसतं बंद. मागून आई विचारते, "गारी बंद परली क रं?" मी बॉनेट उघडून उभा, मला काय कळणार डोंबल.

टायमिंग बेल्ट तुटला होता. तो तुटला की वरचे व्हॉल्व्ह आणि खालचे पिस्टन एकमेकांवर आपटतात. व्हॉल्व्ह वाकले, हेड उतरवावं लागलं. बिल झालं ६८ हजार. गाडी एकोणीस दिवस गॅरेजला. ते दिवस नेमके मेथी-मुळ्याचे. माल रोज दुसऱ्याच्या टेम्पोने कल्याणच्या मार्केटला पाठवला, त्याचं भाडं वेगळं. मेकॅनिकने तुटका बेल्ट हातात दिला, त्याचं रबर बोटाने चुरत होतं. म्हणाला, "काका, बेल्ट किलोमीटरवर जातो तसा वर्षांवरही जातो. पुस्तकात दोन्ही लिहिलेलं असतं, जे आधी येईल ते. तुमच्या गाडीचं किलोमीटर भरलंच नाही म्हणून कोणी बदललाच नाही."

म्हणजे ती गाडी कमी चालली होती, आणि म्हणूनच मोडली. हे वाक्य मी भाच्याला तीन वेळा ऐकवलं.

म्हणून जुनी गाडी बघायला जाल तेव्हा पहिला प्रश्न हा विचारा, की हिला बेल्ट आहे का चेन? २०१२ च्या जुलैत आलेल्या डस्टरचं दीड लिटरचं डिझेल इंजिन बेल्टवर चालतं. तेच इंजिन टेरानोत. इकोस्पोर्टच्या दीड लिटर डिझेललाही बेल्टच. तिच्या एक लिटर टर्बो पेट्रोलचा बेल्ट तर इंजिन ऑइलमध्ये भिजलेला फिरतो, म्हणजे ऑइल चुकीचं किंवा जुनं असेल तर बेल्टचीही वाट लागते. ब्रेझाचं जुनं १.३ डिझेल मूळ फियाटचं, त्याला चेन आहे. क्रेटाच्या १.६ डिझेललाही चेन. चेनवाल्यांनी फार उड्या मारू नयेत. ऑइल वेळेवर बदललं नाही तर चेनही सैल होते आणि थंड इंजिन चालू करताना खळखळ वाजते. पण बेल्टवाली गाडी असेल, आणि बदलल्याचं बिल मालक दाखवू शकत नसेल, तर तो बदललेला नाही असंच धरायचं. बेल्ट, टेन्शनर आणि त्याबरोबर वॉटर पंपाचा खर्च किमतीतून वजा करायचा, आणि गाडी घरी आणायच्या आधी गॅरेजला न्यायची. "परवा बदलला हो" हे तोंडी चालत नाही. तोंडी तर सातबाराही कोरा असतो.

या डस्टर, इकोस्पोर्ट वगैरे गाड्यांबद्दल अजून एक गैरसमज काढून टाका. उंच दिसतात म्हणून आपण त्यांना जीप समजतो. डस्टरची जमिनीपासून उंची २०५ मिलिमीटर, इकोस्पोर्टची २००, ब्रेझाची १९८. बांधावरच्या रस्त्याला, गावच्या खड्ड्यांना ती कामाची, ते मान्य. पण अंगाने त्या मोटारीच आहेत. इकोस्पोर्ट फिएस्टाच्या पायावर उभी, डस्टर लोगानच्या. बोलेरोसारखी खाली वेगळी चासी नाही. डस्टरचं फोर व्हील ड्राइव्ह मॉडेल २०१४ मध्ये आलं होतं ते सोडलं तर बाजारात मिळणाऱ्या बहुतेक गाड्यांची ओढणारी चाकं पुढची दोनच. चिखलात मागे सहा पोती टाकलीत तर पुढची चाकं हलकी होतात आणि जागेवर फिरतात. मग ट्रॅक्टर बोलवा.

म्हणून आपल्यासारख्याकडून, म्हणजे शेतकऱ्याकडून गाडी घेत असाल तर डिकीचा गालिचा उचलून बघाच. कोपऱ्यात खताचा दाणा सापडला तर पत्रा नीट चाचपा. रासायनिक खत पत्र्याला खातं, पावसाळ्याच्या ओलीत तर जास्तच. मीही १०:२६:२६ च्या गोण्या नेल्यात माझ्या गाडीतून, खोटं कशाला बोलू. स्टेपनीच्या खड्ड्यात आज तांबेरा आहे. मी गाडी विकायला काढली तर तुम्ही तिथे बघायलाच पाहिजे.

आता खालचं. गाडी रॅम्पवर चढवा, रॅम्प नसेल तर एखाद्या पंक्चरवाल्याकडे जॅकवर उचला. पुढच्या चाकांच्या आतल्या बाजूला एक्सलचे रबरी बूट असतात, आकाशकंदिलासारख्या घड्यांचे. फाटले असतील तर ग्रीस बाहेर उडालेलं दिसेल, आत माती गेलेली असेल. मग मोकळ्या जागेत स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू चालवा. टक टक टक आवाज आला तर जॉइंट गेला. लोअर आर्मचे बुश, लिंक रॉड, शॉकअप हे आपल्याकडच्या रस्त्यावर जाणारच, त्याचं मला नवल नाही, खर्चही बेताचा. फक्त गतिरोधकावरून काच खाली करून गाडी न्या आणि रेडिओ बंद ठेवा. विकणारा नेमका तेव्हाच गाणी लावतो. इंजिन-गिअरबॉक्सच्या सांध्यात ओल असेल तर त्याकडे मात्र दुर्लक्ष नको. क्लचच्या तेलाचा सिलिंडर काही गाड्यांत गिअरबॉक्सच्या आत असतो. पार्ट छोटा, पण गिअरबॉक्स उतरवल्याशिवाय हात पोचत नाही, मजुरीच पार्टपेक्षा जास्त होते.

सकाळी जा. आधी बॉनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर समजा तुमच्या आधी कोणीतरी गाडी चालू करून ठेवली होती. मग घरी परत या, दुसऱ्या दिवशी न सांगता जा. थंड इंजिनच खरं बोलतं. चालू होताना किती घरघरतं, मागे धूर कसला निघतो हे बघा. धुराचं मी तुम्हाला काय सांगू, पंपाच्या इंजिनावर आयुष्य गेलंय आपलं. निळा म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे डिझेल नीट जळत नाही, इंजेक्टर किंवा टर्बो बघा. पांढरा धूर थंडीत क्षणभर निघाला तर चालेल, गरम झाल्यावरही येत राहिला तर हेड गॅस्केटची शंका घ्या. कूलंटच्या बाटलीत तेलकट साय दिसली तर पुढचं काही बघू नका, चहासुद्धा न पिता निघा.

सगळ्यात जास्त डोळे उघडे ठेवायचे ते पाण्यात बुडालेल्या गाडीसाठी, आणि तिथेही मीटर तुम्हाला काही सांगणार नाही. २६ जुलै २००५ आपण विसरलो नाही, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता. त्या वेळच्या गाड्या आता भंगारात गेल्या असतील. पण जुलै २०१९ मध्ये उल्हास नदी बदलापूर-कल्याणच्या घरांत शिरली, महालक्ष्मी एक्सप्रेस वांगणीजवळ पाण्यात उभी राहिली. २०२१ च्या जुलैत चिपळूण आणि महाड बुडालं. तेव्हा पार्किंगमध्ये ज्या गाड्या छतापर्यंत पाण्यात होत्या त्या सगळ्या काही मोडीत निघाल्या नाहीत. विमा कंपनी गाडी टोटल लॉस धरते, ती लिलावात जाते, कोणीतरी सुकवतो, धुतो, अत्तर मारतो आणि ती पुन्हा रस्त्यावर येते. मीटर? मीटर कमीच असणार, गाडी वर्षभर गॅरेजला पडून होती ना.

ओळखायची कशी? सीट बेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. वरचा भाग सगळे धुतात, आत गुंडाळलेल्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहते. पायाखालचा गालिचा कोपऱ्यातून उचला, खालचा फोम दाबा. सीटच्या रुळांवर आणि सीटखालच्या बोल्टवर तांबेरा आहे का बघा, घरात उभ्या राहणाऱ्या गाडीला तिथे गंज यायचं कारण नाही. डॅशबोर्डखाली मोबाईलची बॅटरी मारून वायरिंगच्या जोडांवर हिरवट चढलंय का बघा. हेडलाइटच्या आत वाफ, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ, या खुणा सोप्या आहेत. एअरबॅगचा कंट्रोल डबा बऱ्याच गाड्यांत खाली मध्यभागी, जमिनीलगत असतो. त्यात पाणी गेलेलं असलं तर एअरबॅग ऐनवेळी उघडेल याची खात्री कोण देणार? चावी फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा पेटून काही सेकंदांत विझला पाहिजे. पेटलाच नाही तर दिवाच काढून टाकलाय का हे बघा. इथे प्रश्न ६८ हजारांचा राहत नाही, पुढच्या सीटवर कोण बसणार आहे त्याचा आहे.

गाडी बघायला पावसाळ्यासारखा दुसरा मोसम नाही, हेही सांगून ठेवतो. छताची, दरवाज्याची गळती आत्ताच दिसते. दसऱ्याला कोरड्यात बघाल तर पुढच्या ज्येष्ठात कळेल.

ठोकलेली गाडी ओळखायला फ्रिजवरचं लोहचुंबक खिशात घेऊन जा. पत्र्यावर फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे पुट्टी आहे. (बंपर प्लॅस्टिकचा असतो, तिथे चिकटत नाही म्हणून भांडू नका. आमच्या एका मित्राने भांडण केलं होतं.) दरवाज्यांच्या काचांवर बनवल्याच्या वर्षाची खूण असते, एकच काच वेगळ्या वर्षाची निघाली तर का ते विचारा. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. गाडी २०१५ ची, मीटर ३० हजार, आणि टायर २०२२ चे असतील तर हिशोब लावा, ३० हजारांतच पहिले टायर संपले का? पायाखालच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगचा गुळगुळीतपणा, ड्रायव्हर सीटची चढ-उतारीची कड, हे आकड्यापेक्षा खरं बोलतात. मीटर मागे घ्यायला लॅपटॉप आणि थोडा वेळ पुरतो. पॅडल कोणी बदलत नाही.

पेट्रोलवाल्यांसाठी एक ओळ. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आहे. उसाच्या शेतकऱ्याला त्याचा आधार आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण दहा वर्षांपूर्वीची गाडी त्या पेट्रोलसाठी बनलेली नव्हती. इंधनाच्या रबरी नळ्या, सील तपासून घ्या.

कागदांबद्दल आपल्या लोकांना शहाणपण शिकवायची गरज नसावी, कारण सातबारा आणि फेरफार आपण झोपेतही वाचतो. आरसीवर बँकेचा बोजा असतो तो सातबाऱ्यावरच्या बोजासारखाच. हप्ते फिटले असं तोंडी सांगून उपयोग नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हातात पाहिजे. आणि नाव बदलणं म्हणजे फेरफार. फॉर्म २९ आणि ३० वर सही घेऊन गाडी वर्षानुवर्षं जुन्या मालकाच्याच नावावर फिरवणारे आपल्याकडे कमी नाहीत. कायद्याने विकणाऱ्याने १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्याने ३० दिवसांत. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट सांगितलंय की अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी ज्याच्या नावावर नोंद आहे त्या मालकावर येते, गाडी तीन हात पुढे गेलेली असली तरी. तेव्हा तुम्ही स्वतःची गाडी विकत असाल तर तुम्हीच मागे लागून नाव बदलून घ्या.

एमएच ०५ आपलं कल्याण, ०४ ठाणे, ४३ नवी मुंबई. यात कुठलंही असलं तरी फरक नाही. डीएल नंबरची डिझेल गाडी फार स्वस्त मिळाली तर मात्र उडी मारू नका. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदी घातली आणि २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती उचलून धरली, म्हणून त्या बाहेर येतात. इथे बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथला नंबर घ्यावा लागतो आणि टॅक्स पुन्हा भरावा लागतो. तो धरून किंमत बघा. आणि नोंदणी १५ वर्षांची असते हे लक्षात ठेवा. २०१४ ची गाडी आज घेतलीत तर २०२९ ला पुन्हा पासिंगसाठी उभी करायची आहे.

अजून एक. डस्टर २०२२ मध्ये इथे बंद झाली, फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतात गाड्या बनवणं थांबवत असल्याचं जाहीर केलं. म्हणून त्या स्वस्त आहेत आणि म्हणूनच गावाकडे येतायत. वाईट गाड्या नाहीत. पण घ्यायच्या आधी तुमच्या तालुक्यातल्या मेकॅनिकला विचारा, "हिचा पार्ट किती दिवसांत येतो?" मुरबाड-शहापुरात बसून आठ-आठ दिवस वाट बघायची तयारी आहे का, हा प्रश्न ज्याचा त्याचा.

आता मला माहीत आहे तुम्ही काय म्हणणार. एक म्हणणार, "दादा, एवढं बघत बसलो तर गाडी दुसरा घेऊन जाईल." जाऊ दे की! जी गाडी एक सकाळ तपासायला देत नाही ती दुसऱ्यालाच लखलाभ. दुसरा म्हणणार, "मग काय दीड लाख चाललेलीच घ्यायची?" असं मी कुठे म्हटलं? माझ्या चुलतभावाने १ लाख ४० हजार चाललेली घेतली, सगळी सर्व्हिसची बिलं फाईलला लावलेली, बेल्ट वेळेवर बदललेला. तीन वर्षं झाली, फक्त शॉकअप बदलले. पण तेवढीच चाललेली आणि एकही कागद नसलेली गाडी मी फुकट घेणार नाही. आकडा मोठा का छोटा यावर काहीच ठरत नाही. कशी चालली आणि कोणी सांभाळली यावर ठरतं, आणि ते बिलं, रबर आणि पत्रा सांगतात.

तिसरे म्हणणार, आणि हे आमच्याच पट्ट्यातले असणार, की "एवढी काटकसर कशाला, नवीनच घ्या." घ्या ना. आमच्या सत्तावीस गावांत गुंठ्याच्या पैशातून आलेल्या किती नव्या गाड्या मी दारात बघितल्या आणि किती पाच वर्षांत त्याच शीळ रोडच्या रांगेत विकायला उभ्या बघितल्या, ते मोजत नाही. ज्याची खाचरं शाबूत आहेत आणि खिसा बेताचा आहे त्याने जुनी गाडी घेण्यात कमीपणा नाही. मी जुन्याच्याच बाजूचा आहे. म्हणून तर एवढं ओरडतोय.

मेकॅनिक मात्र आपला न्या. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको आणि एजंटने आणलेलाही नको. गाडी घेतली तर पैसे, असं त्याच्याशी ठरवूच नका, मग तो "घ्या" म्हणणारच. घेतली काय आणि नाही घेतली काय, त्याच्या सकाळीचे हजार-दीड हजार ठरलेले. तेवढ्यात मी माझे ६८ हजार वाचवू शकलो असतो.

भाच्याचं काय झालं ते सांगतो. आधी फुगला. मग काल रात्री त्यानेच फोन केला. मॅडमला विचारलं तर बेल्टचं बिल नाही, पण २०१९ पर्यंतचं सर्व्हिसचं पुस्तक आहे. गणपतीला अजून दिवस आहेत. रविवारी सकाळी सातला आम्ही तिघं जातोय, मी, तो आणि माझा सरळगावचा मेकॅनिक. लोहचुंबक मी फ्रिजवरून काढून आत्ताच सदऱ्याच्या खिशात ठेवलंय, मंडळी शोधत बसेल. मॅडमना निरोप दिलाय की आम्ही यायच्या आधी गाडी चालू करू नका. बॉनेट कोमट लागलं तर तसंच मागे फिरायचं, हे त्याने कबूल केलंय. काय निघालं ते सोमवारी लिहितो, तोवर खालच्या बांधाकडे एक चक्कर मारून येतो.